करणीची बाधा

मैत्रिणींनो, गेल्या पंधरवड्यात आमच्या घरी एका शब्दावरून चांगलीच गंमत झाली. दुपारची अडीचची वेळ. भांडी घासून झाली होती, सासूबाई आतल्या खोलीत जरा आडव्या झाल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनी वही घेऊन आल्या होत्या आणि मी त्यांना सांगत होते, "वहिनी, ही करणी अशी सुटायची नाही. आधी आतली जोडी बाहेर काढा." झालं! सासूबाई ताडकन उठून दारात उभ्या. "कुणी केली गं करणी? आणि हे उतरवायचे उद्योग तू कधीपासून सुरू केलेस?"

आम्ही दोघी इतक्या हसलो, की वहिनींच्या हातातली पेन्सिल ओट्याखाली गेली ती संध्याकाळी केर काढताना सापडली. पण खरं सांगू? वहिनींना या करणीची बाधा होतीच. चांगली अठरा वर्षांची जुनी.

वहिनींचं लग्न ठरलं तेव्हा 'मुलगी दहावी झालेली आहे' असं सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात गणित राहिलं होतं. पुढे ऑक्टोबरला बसायचं ठरलं होतं, पण जूनमध्ये लग्न झालं आणि ऑक्टोबरमध्ये त्या सासरी मसाले कुटत होत्या. खोटं त्या कधी बोलल्या नाहीत, पण खरंही कधी सांगितलं नाही. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर 'आईचे शिक्षण' असा एक रकाना असतो बघा. तिथे 'दहावी' एवढंच लिहायचं आणि पेन उचलायचं. 'दरवर्षी तेवढ्यापुरता माझा हात थरथरतो हो,' असं त्या मला म्हणाल्या, तेव्हा मला काय बोलावं ते सुचेना. आता मुलगा नववीत गेला आणि बाईंनी मनाचा हिय्या केला. यंदा बाहेरून परीक्षेला बसायचं. घरात अजून फक्त मला ठाऊक आहे. (हे मी त्यांना विचारूनच लिहिते आहे. नावगाव सांगायचं नाही, एवढ्या अटीवर त्या 'हो' म्हणाल्या.)

माझ्याकडे त्या आल्या, कारण मी अर्धवेळ का होईना, शाळेत शिकवते. पण मी शिकवते मराठी! बी.ए. झाले तेही मराठी घेऊन, आणि मराठी घेतलं ते निम्मं आवडीने, निम्मं गणिताच्या धाकाने. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. 'बाई' म्हणवून घ्यायची सवय लागली की 'मला येत नाही' हे शब्द घशातच अडकतात.

पहिल्याच दिवशी त्याचं फळ मिळालं. वहिनींनी विचारलं, "बाई, √१२ अधिक √३ किती?" मी क्षणाचाही विलंब न लावता म्हटलं, "√१५." त्यांनी विश्वासाने वहीत उतरवून घेतलं. रात्री माझ्या लेकीने (तीही नववीत आहे) ती वही सहज चाळली आणि म्हणाली, "आई, हे कुणी सांगितलं? ९ आणि १६ घेऊन बघ ना." मी बघितलं. √९ म्हणजे ३, √१६ म्हणजे ४. बेरीज ७. आणि ९ अधिक १६ म्हणजे २५, त्याचं वर्गमूळ ५. सात कुठे आणि पाच कुठे!

त्या रात्री पोळ्या लाटताना सारखं तेच मनात. सांगावं की गुपचूप दुरुस्त करावं? दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या तेव्हा चहा टाकायच्या आधीच सांगून टाकलं, "काल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमचंसुद्धा चुकतं?" पुढे जी काही शिकवणी झाली, ती खरी म्हणजे त्या वाक्यानंतर झाली. तोवर त्या नुसत्या उतरवून घेत होत्या.

तर आता ही करणी म्हणजे काय, ते तुम्हालाही सांगते. घरात नववी-दहावीतलं मूल असेल तर उपयोगी पडेल, आणि वहिनींसारखी एखादी पत्रिका कपाटात दडवून ठेवली असेल तर जास्तच पडेल.

√४ म्हणजे २. इथे वर्गमूळ सरळ सुटलं, ही करणी नव्हे. पण √३ घ्या. १.७३२ च्या पुढे लिहीत गेलात तर आकडे संपतही नाहीत आणि ठरावीक क्रमाने पुन्हापुन्हा फिरूनही येत नाहीत. मग मोबाईलवरच्या गणकाने सांगितलेले आठ-दहा आकडे लिहिण्यापेक्षा ते √३ असंच ठेवायचं. ते जास्त खरं. अशा न सुटणाऱ्या मुळाला करणी म्हणतात. शब्द जुना आहे. यज्ञाच्या वेदीची मापं सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत दोरीने चौरस आखत. दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस जिच्यावर उभा करता येतो ती बाजू 'द्विकरणी', तिप्पट क्षेत्रफळाची 'त्रिकरणी'. आपल्या भाषेत √२ आणि √३. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग तसं म्हणावं ना, चौरस करणारी!" असं म्हणून त्या पुन्हा झोपायला गेल्या.

करणी सोपी करायची म्हणजे मुळाखालचं जेवढं बाहेर येऊ शकतं तेवढं बाहेर काढायचं. √१२ घ्या. १२ म्हणजे २ × २ × ३. मुळाचं चिन्ह हा लग्नाचा मांडव समजा. आत जोडपं आलं असेल तर आहेराचं पाकीट किती? एकच! दोन-दोनची जोडी आहे, तिचा बाहेर एकच २ येतो. बिचारा ३ एकटा, तो मांडवातच राहतो. म्हणून √१२ म्हणजे २√३. पटत नसेल तर वर्ग करून बघा. २ चा वर्ग ४, गुणिले ३, झाले १२.

√७२ मध्ये मात्र वहिनी घाई करत. ७२ म्हणजे ९ × ८, म्हणून ३√८, आणि खाली दुहेरी रेघ! अहो, पण ८ मध्ये अजून ४ लपलेत ना! तांदूळ एकदा निवडले तरी ताट हलवून पुन्हा नजर टाकतो, तसं मुळाखाली पुन्हा बघायचं. √८ म्हणजे २√२, म्हणून ३ × २√२, म्हणजे ६√२. ज्यांना ३६ हा वर्ग चटकन दिसेल त्यांनी एकदम ३६ × २ करावं. दोन्ही वाटा त्याच घरी जातात. फक्त त्यासाठी ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४, ८१, १०० हे वर्ग जिभेवर हवेत. वहिनींनी ते फ्रीजच्या दारावर चिकटवले आहेत. मुलाला वाटतं, आपल्यासाठीच!

आता ती बेरीज, जिथे मी तोंडावर आपटले. ९ आणि १६ चं उदाहरण वहिनींना कळलं, पण पटलं नाही. "ते सुटणारे आकडे आहेत हो बाई, न सुटणाऱ्यांचं वेगळं असेल," म्हणाल्या. शंका रास्त होती. कळणं आणि पटणं यात फरक असतो, आणि शाळेत आपल्यापैकी किती जणींचं नुसतं कळण्यावर भागवलं गेलं!

वहिनी घरी फॉल-पिको करतात, ब्लाऊजही शिवतात. मी म्हटलं, उरेब पट्टी कापता ना? चौकोनी तुकड्याच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी. मग आम्ही वर्तमानपत्राचे दोन चौरस कापले, एक ८ इंचांचा आणि एक ५ इंचांचा. मोठ्याचा तिरका कर्ण टेपने मोजला, सव्वाअकरा इंचांच्या जरासा पुढे. ८ चा वर्ग ६४, दोन बाजूंचे मिळून १२८, म्हणून कर्ण √१२८. लहानाचा सात इंच आणि किंचित जास्त; २५ आणि २५ म्हणजे ५०, म्हणून √५०. आता दोन्ही चौरस कोपऱ्याला कोपरा लावून असे ठेवले, की दोन्ही कर्ण एका सरळ रेषेत यावेत. टेप लावला. साडेअठराला थोडे कमी.

"आता तुमच्या आणि माझ्या पहिल्या दिवसाच्या रीतीने करा," मी म्हटलं. १२८ अधिक ५०, √१७८. मोबाईलवर काढलं तर १३.३४. वहिनींनी टेप पुन्हा लावून बघितला. कागद तर समोर होता, त्याला कोण खोटं म्हणणार? पाच इंच कापड हवेत विरून गेलं होतं.

मग त्यांनीच पेन्सिल घेतली. √१२८ म्हणजे ६४ × २, म्हणून ८√२. √५० म्हणजे २५ × २, म्हणून ५√२. थांबल्या. "अगं बाई, म्हणजे दोन्ही √२ च! आठ आणि पाच, तेरा. १३√२." आणि पुढचं मला सुचलंच नव्हतं ते त्यांना सुचलं. "बाई, हा तर तेरा इंचांच्या चौरसाचा उरेब झाला की!" खरंच होता. आठ आणि पाच इंचांचे चौरस तसे कोपऱ्याला कोपरा लावून ठेवले की बाहेरून तेरा इंचांचाच चौरस बसतो. मी बघतच राहिले. आणि या बाईला शाळेत कुणीतरी सांगितलं होतं, की तुला डोकं नाही.

तर बेरीज-वजाबाकी फक्त सरूप करणींची, म्हणजे मुळाखाली तीच संख्या असलेल्यांची. दोन वाट्या तांदूळ आणि तीन वाट्या तांदूळ मिळून पाच वाट्या तांदूळ. पण √३ आणि √७ हे तांदूळ आणि डाळ. शेजारी शेजारी ठेवायचे, एक करायचे नाहीत. आणि आमचं √१२ अधिक √३? २√३ अधिक √३, म्हणजे ३√३. पंधराचा तिथे काही संबंधच नाही.

वहिनींचं माहेर चाळीसगावकडचं. तिथून जवळच पाटणदेवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ काढला, त्याचा तो लेख. लहानपणी वहिनी जत्रेला जात तेव्हा तो कुणी दाखवला नव्हता म्हणे. भास्कराचार्य जन्मले १११४ मध्ये, आणि त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात करणींचं वेगळं प्रकरणच आहे. त्यात बेरजेसाठी २ आणि ८ या करणी दिल्या आहेत, ३ आणि २७ दिल्या आहेत, आणि मग ३ आणि ७. पहिल्या दोन जोड्या एक होतात (√२ आणि √८ ची √१८ होते, करून बघा), तिसरी होत नाही, ती वेगळीच ठेवायची. म्हणजे मी जिथे घसरले तिथे विद्यार्थी घसरतात, हे नऊशे वर्षांपूर्वी त्यांना ठाऊक असणार! मला तर हे वाचून फार बरं वाटलं.

गुणाकार मात्र बेरजेसारखा सोवळा नाही. तिथे कुणीही कुणाशेजारी बसावं. √६ × √१० म्हणजे √६०, आणि ६० मधून ४ ची जोडी काढली की २√१५. बाहेर आकडे असतील तर बाहेरच्यांचा गुणाकार बाहेरच्यांशी, आतल्यांचा आतल्यांशी. २√३ × ५√६ म्हणजे १०√१८, म्हणजे १० × ३√२, म्हणजे ३०√२. एक युक्ती सांगते. आधी सोपं करा, मग गुणा. √४८ × √२७ घ्या. थेट गुणलंत तर १२९६ चं मूळ काढत बसाल. आधी सोपं केलंत तर ४√३ × ३√३. बाहेर १२, आत √३ × √३ म्हणजे ३. उत्तर ३६. कढईत टाकायच्या आधी भाजी चिरून घ्यावी, एवढंच.

आता मूळ दुखणं. वहिनी अडल्या होत्या त्या दहावीच्या वर्गसमीकरणात. क्षचा वर्ग, वजा ४क्ष, अधिक १, बरोबर ०. सूत्र त्यांना पाठ होतं. आकडे घातले, (४ ± √१२) ÷ २ इथपर्यंत बिनचूक. मग ४ ला २ ने भागून २, आणि १२ ला २ ने भागून ६. उत्तर, २ ± √६. पुस्तकाच्या मागे उत्तर २ ± √३. त्यांनी अख्खं पान खोडलं होतं. खालून वर, तीन तिरक्या रेघा. मैत्रिणींनो, त्या रेघा बघून मला माझीच शाळेतली वही आठवली. शेवटची एक पायरी चुकलेली आणि खोडलेलं मात्र अख्खं पान.

चूक कुठे, ते मांडवाच्या हिशेबाने बघा. बाहेरचा एक २ म्हणजे आतलं एक जोडपं. बाहेरच्या २ ला आत न्यायचं तर तो ४ होऊन जातो. म्हणून १२ ला भागायचं ते ४ ने. उरतात ३. किंवा सरळ √१२ चे २√३ करा आणि मग ४ आणि २√३ या दोघांनाही २ ने भागा. मात्र दोघांनाही हं! कित्येक मुलं फक्त ४ ला भागतात आणि दुसऱ्याला उपाशी ठेवतात. माझ्या लेकीने तेही करून झालं आहे.

"पण मागचं उत्तर बघितल्याशिवाय बरोबर आलं हे कळायचं कसं?" वहिनींनी विचारलं. परीक्षेत मागचं पान नसतं, हे खरंच. मग आम्ही २ + √३ हे उत्तर समीकरणातच घालून बघायचं ठरवलं. मी मुद्दाम गॅसजवळ गेले, दुधाकडे बघत उभी राहिले. मागे पेन्सिलचा आवाज येत होता.

२ + √३ चा वर्ग. २ चा वर्ग ४, √३ चा वर्ग ३, आणि मधलं पद, दोनदा २ गुणिले √३, म्हणजे ४√३. (हे मधलं पद विसरायचं नाही. ते विसरणं म्हणजे पुन्हा माझीच पहिल्या दिवसाची चूक.) झाले ७ + ४√३. त्यातून चौपट क्ष, म्हणजे ८ + ४√३, वजा. ४√३ मधून ४√३ गेले. ७ मधून ८ गेले, उरला वजा १. अधिक १.

"शून्य," वहिनी म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, "बाई, शून्य आलं!"

शून्य मिळाल्याचा इतका आनंद झालेली बाई मी दुसरी बघितली नाही. मग त्यांनी दोन्ही उत्तरांचा गुणाकारही करून बघितला. (२ + √३) गुणिले (२ − √३). मधली पदं एकमेकांना खाऊन टाकतात, उरतात ४ वजा ३, म्हणजे १. समीकरणातला शेवटचा आकडाही १. आणि दोन्ही उत्तरांची बेरीज ४, तीही समीकरणात आहेच. त्यांनी ते खोडलेलं पान काढलं आणि खोडरबरने त्या तीन रेघा पुसायला लागल्या. पेनाने मारलेल्या रेघा, त्या कसल्या पुसल्या जाणार! कागद मात्र फाटला. मग त्याच पानावर, रेघांच्या खाली, त्यांनी गणित पुन्हा लिहिलं.

तेवढ्यात सासूबाई चहाला उठल्या. वहीकडे बघून म्हणाल्या, "उतरली का गं करणी?" वहिनींनी दोन बोटं वर केली. अजून दोन प्रकरणं बाकी आहेत.

परीक्षा मार्चमध्ये. त्याआधी घरी सांगायचं की निकालानंतर, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. माझं म्हणणं आधी सांगावं. दुपारी दोन तास जिन्याने वर-खाली करणं किती दिवस लपणार? त्यांचं म्हणणं निकालाचा कागदच हातात ठेवते. तुमच्यापैकी कुणी अशा वाटेने गेली असेल तर मला जरूर कळवा, मी त्यांना वाचून दाखवीन.

आणि जाता जाता वहिनींनी तुमच्यासाठी दोन गणितं दिली आहेत. √७५ + √१२ − √२७, हे एक. दुसरं, (५ + √२) गुणिले (५ − √२). उत्तरं पुढच्या आठवड्यात देईन, पण तुमची आधी टेपने नाहीतर मोबाईलने पडताळून बघा. माझ्यावर भरवसा ठेवून चालणार नाही, हे तर तुम्हाला कळलंच आहे.